बीजिंगचा राजवाडा कुटुंबासह बघताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

आमच्या ओळखीतली चार कुटुंबं बीजिंगला जाऊन आली आणि त्यातल्या दोघांनी राजवाडा फक्त बाहेरून बघितला. एक जण सोमवारी पोचले. सोमवारी तो बंद असतो. दुसरे मंगळवारी सकाळी आठला, अगदी शहाण्यासारखे लवकर, पाच जणांचे पैसे हातात घेऊन तिकीट खिडकी शोधत राहिले. दारावर तिकीट विकणं २०१७ सालीच बंद झालंय. आम्ही आत गेलो खरे, पण आमचीही सकाळ कशी गेली ते पाचव्या टप्प्यात येईलच.

ज्याला आपण फॉरबिडन सिटी म्हणतो, त्याला तिथले लोक गुगोंग म्हणतात. टॅक्सीवाल्याला 'फॉरबिडन सिटी' सांगून उपयोग नाही, 'गुगोंग' सांगा. शनिवारवाड्याला जसं 'चला, संध्याकाळी चक्कर मारून येऊ' म्हणता येतं, तसं इथे चालत नाही. तिकीट आठवडाभर आधी काढावं लागतं, ते पासपोर्टला बांधलेलं असतं, आणि आत शिरायला एकच दार आहे: दक्षिणेचं वूमेन. बाहेर पडायचं उत्तरेच्या शेनवूमेनमधून नाहीतर पूर्वेच्या दोंगहुआमेनमधून. एकदा बाहेर पडलं की त्या तिकिटावर परत आत नाही. दक्षिण-उत्तर लांबी ९६१ मीटर, पण अंगणं, पायऱ्या आणि आजूबाजूच्या गल्ल्या धरल्या तर दिवसभरात सहा-सात किलोमीटर पाय चालतात. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर सगळा खेळ क्रमाचा आहे.

## टप्पा १: तारीख आधी, विमान नंतर

बहुतेक जण विमान आधी काढतात आणि मग राजवाड्याचा दिवस कुठेतरी बसवतात. उलटं करा. निदान या तारखा टाळून विमान काढा:

- १ ते ७ ऑक्टोबर. चीनची राष्ट्रीय सुट्टी, सगळा देश फिरायला निघतो.
- १ मेपासूनचे चार-पाच दिवस. आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे नेमके येतात.
- चिनी नववर्षाचा आठवडा, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी.
- जुलै आणि ऑगस्ट. तिथल्या शाळांची सुट्टी, वर ऊन.

आपल्याला सोयीची सुट्टी म्हणजे दिवाळीची, कारण ती बहुधा त्यांच्या ऑक्टोबरच्या गर्दीनंतर येते. नोव्हेंबर ते मार्च तिकीटही स्वस्त, ४० युआन. एप्रिल ते ऑक्टोबर ६०. मात्र थंडीच्या महिन्यांत राजवाडा साडेचारला बंद होतो आणि साडेतीननंतर आत घेत नाहीत. उन्हाळी वेळ पाचपर्यंत, शेवटचा प्रवेश चारला. उघडतो दोन्ही ऋतूंत साडेआठलाच.

सोमवार बंद, सरकारी सुट्टी आली तरच अपवाद. मग सोमवारी करायचं काय? चीनच्या भिंतीला जा. तिचा मुतियानयूचा भाग सोमवारीही सुरू असतो.

राजवाडा पहिल्या दिवशी ठेवू नका, शेवटच्या दिवशी तर नकोच. विमान उशिरा आलं किंवा पोरगं तापलं तर तिकीट वाया, आणि दुसऱ्या दिवसाचं आयत्या वेळी मिळत नाही. दुसरा किंवा तिसरा दिवस बरा.

तपासा: ठरवलेल्या तारखेला वार कोणता आहे? कॅलेंडर उघडून बघा, तोंडी हिशेब नको. त्या सोमवारवाल्यांनीही तोंडीच केला होता.

## टप्पा २: फोन आणि पैसे, घरून निघण्याआधी

याचा राजवाड्याशी काय संबंध, असं वाटेल. तिकिटाचे पैसे, मेट्रो, पाण्याची बाटली, सगळं फोनवरून दिलं जातं. फोन चालला नाही की दिवस अडला.

अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप भारतातच डाउनलोड करा. आपल्या मोबाइल नंबरवर खातं उघडा, पासपोर्टचा फोटो द्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्या कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा, नाहीतर कार्ड जोडलं जातं आणि पहिल्याच खरेदीला नाकारलं जातं. ओटीपी आपल्या भारतीय नंबरवर येणार, म्हणून ते सिम रोमिंगवर चालू ठेवायचं, काढून पाकिटात ठेवायचं नाही. परदेशी कार्डावर अलीपेने २०० युआनपर्यंतच्या एका व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर ३ टक्के लागतो. म्हणून सगळ्यांचं जेवण एकदम देण्यापेक्षा दोघांनी दोन बिलं केलेली बरी. आणि हे सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या फोनवर नको. दोन मोठ्यांच्या दोन फोनवर करा, कारण गर्दीत कुटुंब दोन ठिकाणी होतंच.

आता इंटरनेट. हॉटेलच्या वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम काहीच उघडत नाही. भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घेतला तर उघडतं, कारण तो डेटा भारतामार्गे जातो. एका तरी फोनवर असा पॅक हवाच. गूगलचे नकाशे तिथे रस्त्यांच्या बाबतीत विश्वासाचे नाहीत. आयफोन असेल तर ॲपलचे नकाशे वापरा, नाहीतर गाओदे, ज्याला अमॅपही म्हणतात. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा, नेट नसतानाही चालते.

थोडे रोख युआन बरोबर असू द्या, दहा-वीसच्या नोटांत.

तपासा: बीजिंगच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या अलीपेने एक पाण्याची बाटली घ्या. अडचण असेल तर ती तिथे कळू द्या, राजवाड्याच्या दारात नको.

## टप्पा ३: तिकीट, संध्याकाळी साडेपाचला

तिकिटं भेटीच्या सात दिवस आधी, बीजिंगच्या वेळेप्रमाणे रात्री आठला सुटतात. बीजिंग आपल्या अडीच तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. गुरुवारी जायचं असेल तर आदल्या गुरुवारी साडेपाचला फोन हातात हवा. तत्काळ तिकीट काढणाऱ्यांना ही बैठक नवीन नाही.

राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा वीचॅटमधल्या त्यांच्या छोट्या ॲपवर तिकीट निघतं. क्रम असा:

१. चार दिवस आधी खातं उघडा आणि आत एकदा फिरून बघा. साडेपाचला पहिल्यांदा तोंडओळख नको.

२. सगळ्यांची नावं, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारखा फोनच्या नोंदीत लिहून ठेवा, म्हणजे तिथून उचलून चिकटवता येतील. नाव पासपोर्टवर आहे तसंच. घरात 'बाळ' म्हणत असाल आणि शाळेत वेगळं नाव असेल, तरी इथे पासपोर्टवरचंच.

३. लहान मुलांचीही नोंद करा. अठराच्या आतल्यांना तिकीट मोफत आहे, नोंद मात्र लागतेच. 'मोफत आहे ना, मग कशाला' म्हणून मुलांना वगळणं ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. आई-वडील आत जाऊ शकतात, आठ वर्षांचा मुलगा नाही. मग कोण जाणार?

४. साठीवरच्यांना अर्ध्या दराचा पर्याय असतो. आमचा हिशेब ऑक्टोबरअखेरचा: आम्ही दोघं १२०, सासूबाई ३०, मुलं शून्य.

५. तिकिटावर आत सोडायची वेळ सकाळची की दुपारची ते ठरलेलं असतं; सकाळची तुकडी निवडा. दुपारच्या तुकडीत निम्मा राजवाडा पळतच बघावा लागतो.

६. खजिन्याचं दालन आणि घड्याळांचं दालन यांना वेगळे दहा-दहा युआन लागतात. खजिन्याला इथेच टिक करा, आत गेल्यावर विचार करू म्हणून सोडू नका. घड्याळं मुलांना आवडतात, पण सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघून आम्ही ती सोडली.

७. पैसे लगेच भरा. पैसे भरेपर्यंत तिकीट तुमचं नाही.

सावधान: आपला पासपोर्ट नंबर म्हणजे पुढे एक इंग्रजी अक्षर आणि मागे सात आकडे. अक्षर विसरणं, शून्याच्या जागी 'ओ' टाकणं, दोन भावंडांचे नंबर अदलाबदल होणं, या तीन चुका दारात गेल्यावरच कळतात. तिकीट काढल्यावर मधल्या काळात कुणाचा पासपोर्ट नवा झाला असेल तर ते तिकीट निरुपयोगी.

सहल कंपनीबरोबर जात असाल तर 'तिकीट झालंय' या शब्दावर थांबू नका. सगळ्यांची नावं आणि नंबर दिसतील असा स्क्रीनशॉट मागा. स्टेशनाबाहेर 'टिकेट, टिकेट' करणारे भेटतील. तिकीट पासपोर्टला बांधलेलं असताना ते तुम्हाला विकणार काय, हे त्यांनाच विचारावं.

## टप्पा ४: आदल्या रात्रीची पिशवी

खाण्यापासून सुरुवात करते, कारण दुपारी दीडला सगळी भांडणं तिथूनच निघतात. आत खाण्याची सोय आहे, पण शाकाहारी माणसाने तिच्या भरवशावर राहू नये. भाजीतही डुकराची चरबी किंवा शिंपल्यांचं सॉस असू शकतं, आणि 'शाकाहारी' म्हटल्यावर अंडं चालेल असं समोरच्याला वाटतं. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं तोंडी येऊ द्या. बाकी 'मांस नको, मासे नकोत, अंडं नको, मांसाचा रस्सा नको' हे चिनीत भाषांतर करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आम्ही दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी नेली होती. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी दशमी कडक होते, पण राजवाड्याच्या भिंतींच्या सावलीत ती काय लागते!

सावधान: चीनमध्ये दुधाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या आणि मांस बाहेरून नेऊ देत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर घरी ठेवा. चिवडा, खाकरे, चिक्की चालून जातात.

पिशवीत आणखी हे:

- सगळ्यांचे पासपोर्ट. मूळ प्रत, झेरॉक्स किंवा फोटो नाही.
- कागदी रुमालांची दोन पाकिटं. स्वच्छतागृहात कागद असेलच असं नाही, आणि बरीचशी भारतीय पद्धतीचीच आहेत.
- पाण्याच्या बाटल्या, आजी-आजोबांची औषधं, टोप्या.
- नोव्हेंबरमध्ये स्वेटरवर जाकीट. सकाळी दगडी अंगणात बोचरा वारा असतो.
- हॉटेलचं चिनीत पत्ता छापलेलं कार्ड, प्रत्येक मोठ्या माणसाकडे एक.

लायटर आणि काडेपेटी काढून ठेवा, तपासणीत जप्त होते. मोठी बॅगही नको. शिरायचं एका दाराने आणि निघायचं दुसऱ्याने, त्यामुळे सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न उगाच मागे लागतो. बाबागाडीबद्दल विचार करा: दारोदारी गुडघ्याएवढे लाकडी उंबरे आहेत. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर पाठीवरची झोळी बरी.

तपासा: झोपण्याआधी पासपोर्ट मोजा. एकेक उघडून फोटो बघा आणि मोजा. का, ते आता येतंय.

## टप्पा ५: हॉटेल ते वूमेन, हे अंतर फसवं आहे

मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेवर तियानआनमेन पूर्व या स्थानकावर उतरायचं. नकाशावर राजवाडा समोरच दिसतो. प्रत्यक्षात तिथून वूमेनपर्यंत साधारण किलोमीटरभर चाल आहे आणि मध्ये तपासणीच्या रांगा. साडेआठला आत जायचं असेल तर सव्वासातला स्थानकाबाहेर असा.

मेट्रोत शिरतानाही प्रत्येक वेळी सामान यंत्रातून जातं. पाण्याची बाटली दिसली की तिथली मुलगी खुणेने घोटभर प्यायला सांगते, आत पाणीच आहे याची खात्री म्हणून. सासूबाईंना वाटलं, ती आपुलकीने पाणी प्या म्हणतेय. त्यांनी मान डोलावून तिलाच बाटली पुढे केली.

स्थानकाबाहेर आल्यावर पासपोर्ट तपासणी. आमच्या पुढे वीसेक माणसं होती, तेव्हा मी पासपोर्ट हातात काढले. चारच.

"आई, तुमचा पासपोर्ट?"

"अगं, तूच घेतलास ना काल, त्या तिकिटाचे नंबर बघायला?"

घेतला होता. आणि नंतर हॉटेलच्या तिजोरीत ठेवला होता, बाकीच्यांचे पर्समध्ये. नवरा काही न बोलता मेट्रोकडे वळला. त्याचं ते न बोलणं पावणेदोन तास चाललं. आम्ही चौघं फुटपाथच्या कट्ट्यावर बसून आख्खी रांग दहा वेळा संपताना बघितली. सकाळची तुकडी होती म्हणून साडेनऊनंतरही आत घेतलं. दुपारच्या तुकडीत हेच झालं असतं तर दिवस गेला होता.

तपासणीनंतरचा रस्ता सरळ उत्तरेला आहे, पण वाटेत तीन फसव्या जागा आहेत:

पहिली, तियानआनमेन चौक. तो रस्त्याच्या दक्षिणेला, आणि त्याची नोंदणी वेगळी. 'आधी चौक बघू, मग राजवाडा' असं ठरवलं असेल तर चौकाचीही आधी नोंद हवी. मुलं असतील तर माझं मत: चौक सोडा.

दुसरी, माओंचं चित्र असलेलं मोठं लाल दार. हा राजवाडा नव्हे. त्याच्या गच्चीवर जायचं तिकीट वेगळं, रांग वेगळी. लोक त्या रांगेत उभे राहतात. तुम्ही दाराखालून सरळ पुढे जा.

तिसरी, त्यापुढच्या लांब पट्ट्यात डाव्या-उजव्या हाताला दिसणाऱ्या तिकीट खिडक्या. त्या शेजारच्या बागेच्या आणि जुन्या देवळाच्या आहेत. तिथे दोन-चार युआन देऊन लोक खुशीत आत जातात आणि अर्ध्या तासाने 'इथे सिंहासन कुठंय' विचारतात.

मध्ये दुआनमेन हे दार लागतं, आणि मग तिन्ही बाजूंनी कवेत घेतल्यासारखं दिसणारं वूमेन. इथे स्थानिक लोक ओळखपत्र यंत्राला लावून जातात. आपण पासपोर्टवाले, आपल्यासाठी माणूस बसलेली रांग बघा.

तपासा: वूमेनच्या आत जाण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं. पुढची मोठी अंगणं ओलांडेपर्यंत मुलांना सोयीची जागा पटकन सापडत नाही. आणि हरवल्यास कुठे भेटायचं ते इथेच ठरवा. 'मोठ्या दाराजवळ' असं ठरवू नका, सगळीच दारं मोठी आहेत.

## टप्पा ६: आतला क्रम

आत पाऊल टाकलं की पहिला तास लोक फोटोंत घालवतात, आणि बारानंतर, जिथे खरं बघण्यासारखं आहे तिथे पोचेपर्यंत, पाय संपलेले असतात. म्हणून वेळेची वाटणी आधी करा. पुढच्या तीन मोठ्या दालनांना एक तास. मागच्या महालांना पाऊण तास. खजिन्याला दीड तास. उरलेला वेळ बसायला.

### पुढची तीन दालनं

ताइहे, चोंगहे आणि बाओहे. तिन्ही एकाच तीन मजली पांढऱ्या दगडी ओट्यावर, एकामागे एक. आधीच सांगून ठेवते: यांच्या आत जाता येत नाही. दारातून डोकावून सिंहासन बघायचं, तेही चार-पाच रांगांच्या मागून. 'एवढ्या लांब येऊन आत सोडत नाहीत?' अशी चिडचिड मराठीत मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. ताइहेच्या दारातल्या धक्काबुक्कीत आजीला नेऊ नका. चोंगहे आणि बाओहेच्या बाजूच्या दारांतून गर्दी कमी लागते.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिन्ही दालनांच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अंगाने सपाट वाट आहे. ती थेट मागच्या अंगणात निघते. आम्ही तिथेच दोन गट केले. सासूबाई आणि नवरा खालून सपाट वाटेने, मी आणि मुलं पायऱ्यांनी वरून. बाओहेच्या मागे भेटलो.

त्या मागच्या पायऱ्यांमधली अखंड कोरीव शिळा चुकवू नका. बहुतेक जण तिच्या बाजूने पायऱ्या उतरून जातात आणि वळून बघतच नाहीत. साडेसोळा मीटरहून जास्त लांब, तीन मीटर रुंद, वजन दोनशे टनांच्या वर. हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून बर्फ केला आणि त्यावरून ती घसरत आणली. खाली उतरा, वीस पावलं पुढे जा आणि मग मागे वळून बघा.

या अंगणांत झाड म्हणून नाही. ऊन थेट डोक्यावर. मुलं इथेच कुरकुरायला लागतात, तेव्हा त्यांना काम द्या: छपरांच्या कोपऱ्यावर ओळीने बसलेले छोटे प्राणी मोजायचे. ताइहेवर दहा आहेत, चोंगहेवर सात, बाओहेवर नऊ. जितकी इमारत मानाची तितके प्राणी जास्त, आणि दहा फक्त ताइहेलाच. ओळीत सर्वांत पुढे कोंबड्यावर बसलेला माणूस असतो, त्याला या मोजणीत धरत नाहीत. आमच्या धाकट्याने त्याला धरलं, अकरा आले, आणि त्यावरून मोठीशी जे भांडण लागलं त्यात अर्धं अंगण पार झालं.

### फाटा: चियानछिंगमेनसमोरचं आडवं अंगण

बाओहेच्या मागचं हे रुंद, आडवं अंगण म्हणजे दिवसाचा खरा निर्णय. इथून सरळ गेलं की चियानछिंग, जियाओताइ आणि कुननिंग हे मागचे महाल, मग बाग आणि मग बाहेरचं दार. उजवीकडे, म्हणजे पूर्वेला वळलं की खजिन्याचं दालन.

इथेच सगळे चुकतात. गर्दी सरळ जाते म्हणून आपणही सरळ जातो, बागेत पोचतो, समोर दार दिसतं, आणि मग आठवतं की खजिन्याचे पैसे भरलेत. त्याचं प्रवेशद्वार दक्षिणेच्या अंगाला आहे, म्हणजे तेवढंच अंतर परत चालत मागे. त्या वेळी घरात एकमत होत नाही.

आम्ही असं केलं: सरळ जाऊन फक्त चियानछिंग महाल बघितला, वीस मिनिटांत याच अंगणात परत आलो आणि पूर्वेला वळलो. बाग अर्थात सुटली. दोन्ही हवं असेल आणि सगळ्यांचे पाय धड असतील, तर आधी बाग करा, तिच्या पूर्वेकडच्या दाराने महालांच्या गल्लीत शिरा आणि दक्षिणेला चालत खजिन्याच्या दारी या. या गल्ल्या निवांत असतात, उंच लाल भिंतींची सावली मिळते आणि बसून खाता येतं. आमच्याकडे सत्तरीच्या बाई होत्या, आम्ही नाद सोडला.

### खजिन्याचं दालन

नावावरून चार खोल्यांत मांडलेले दागिने डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात हा राजवाड्यातला एक आख्खा वेगळा वाडा आहे, आणि गर्दी मधल्या रेषेच्या मानाने पुष्कळच कमी. शिरल्या शिरल्या नऊ ड्रॅगनांची रंगीत कौलांची भिंत. मुलांना सांगा, पूर्वेकडून तिसरा पांढरा ड्रॅगन शोधा आणि त्याचं पोट बघा. पोटाचा एक तुकडा लाकडाचा आहे. रंग उडाल्यामुळे तो आता चटकन ओळखू येतो. कौल फुटलं आणि घाबरलेल्या कारागिराने रातोरात लाकूड कोरून बसवलं, अशी गोष्ट तिथले गाइड सांगतात. आमच्या मोठीला अख्ख्या बीजिंगमधलं तेवढंच लक्षात राहिलंय.

पुढे दागिने, सोन्याची भांडी, जेडचे प्रचंड कोरीव डोंगर आणि नाटकासाठी बांधलेला तीन मजली रंगमंच. काचेच्या पेट्यांपाशी वेळ मोजून द्या. इथली बाहेरची वाट थेट उत्तरेच्या दाराजवळ निघते, ही या क्रमाची खरी सोय. परतीची चाल उरत नाही.

सावधान: 'लवकर बघून होईल, मग परत येऊन बाग बघू' असं म्हणून शेनवूमेनच्या बाहेर पाऊल टाकू नका. ते दार एकाच दिशेचं आहे.

## टप्पा ७: बाहेर पडणं

उत्तरेच्या दारातून बाहेर आलं की समोर रस्ता, रस्त्यापलीकडे जिंगशान टेकडी. पायांत जोर उरला असेल तर चढा. तिकीट दोन युआन, चढ दहा-पंधरा मिनिटांचा, आणि माथ्यावरच्या मंडपातून अख्खा राजवाडा पिवळ्या छपरांसकट पायाशी दिसतो. दिवसभर भिंतींच्या मध्ये फिरताना जो नकाशा डोक्यात बसत नाही, तो इथे एका मिनिटात बसतो. सासूबाई खाली बाकावर बसल्या, आम्ही आळीपाळीने चढून आलो.

शेनवूमेनच्या दारात टॅक्सी मिळत नाही. तिथे जे हात धरून 'टॅक्सी, टॅक्सी' करतात ते आणि सायकलरिक्षावाले यांच्याशी बोलणंच वाढवू नका. ठरलेला आकडा उतरताना माणशी होतो. पूर्वेला किंवा पश्चिमेला दहा मिनिटं चालून मुख्य रस्ता गाठा आणि ॲपवरून गाडी बोलवा, नाहीतर बस पकडा. छान इंग्रजीत गप्पा मारत 'चला, इथे जवळच चहा घेऊ' म्हणणारी तरुण मुलंमुली भेटली, तर हसून नमस्कार करून पुढे व्हा. त्या चहाचं बिल राजवाड्याच्या तिकिटाच्या दहापट येतं.

पूर्वेच्या दोंगहुआमेनने निघणाऱ्यांना वांगफुजिंगचा बाजार आणि मेट्रो चालत पंधरा-वीस मिनिटांवर. जेवणाची सोयही त्या बाजूला जास्त. मुलं अजून जागी असतील तर या दारावरचे पितळी खिळे मोजायला लावा. बाकीच्या मोठ्या दारांवर नऊ ओळींत नऊ-नऊ, म्हणजे एक्क्याऐंशी. इथे आठच ओळी, बहात्तर.

## तिकीट नाहीच मिळालं तर

साडेपाचला बसूनही तिकिटं संपल्याची लाल अक्षरं आली, असं होतं. लगेच हार मानू नका. लोक तिकिटं रद्द करतात आणि ती परत यादीत येतात. पुढचे दोन-तीन दिवस अधूनमधून उघडून बघत राहा. सहा जणांची एकत्र जागा मिळत नसेल तर तीन-तीन करून काढा, मात्र प्रत्येक तिकडीत मुलांबरोबर एक मोठं माणूस हवं आणि सगळे सकाळच्याच तुकडीत. प्रवासाच्या संकेतस्थळांवर जादा पैसे देऊन तिकीट मिळतं. तिथेही पासपोर्ट नंबर मागितले नाहीत, तर ते तिकीट राजवाड्याचं नव्हे.

तरीही नाहीच जमलं तर दुपारी साडेतीनच्या सुमाराला थेट जिंगशान गाठा. दोन युआनमध्ये वरून राजवाडा दिसतो, ऊन पश्चिमेकडून छपरांवर येतं. खाली उतरल्यावर राजवाड्याच्या खंदकाच्या कडेने ईशान्येच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्यापर्यंत चाला. तिथे पाण्यात मनोऱ्याचं प्रतिबिंब दिसतं आणि त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.